तरीवरील झडती

'तरी' हा शब्द आमच्या धावड्याकडे उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें रश्श्यावरचा लाल तवंग उभा राहतो. नदी उतरून नेणारी नाव उभी राहत नाहीं. भोकरदन तालुक्याच्या टोकाशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेलें हें गांव समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर आहे, आणि आसपासच्या नद्या चैत्र-वैशाखांत पायीं ओलांडाव्या अशा. तेव्हां धावड्याच्या माणसानें तरीवरच्या झडतीचा इतिहास लिहावयास बसावें हें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु ज्या प्रसंगानें हा विषय आमच्या मनांत शिरला तो सांगितला म्हणजे वाचकांचें आश्चर्य कांहींसें ओसरेल अशी आशा आहे.

दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत घरच्या मंडळींसह आम्ही कोंकणांत गेलों होतों. वाटेंत एक खाडी लागली आणि ती ओलांडण्यास मोटारी वाहून नेणारी फेरीबोट होती. धक्क्यावर गाड्यांची रांग होती. खाकी कपड्यांतला एक पहारेकरी लांब काठीला बसविलेला आरसा गाडीच्या पोटाखालीं सरकवून पाहत होता. आमच्या गाडीच्या डिकींत ज्वारीच्या पिठाचें एक पोतें, मोसंब्यांची एक गोणी व लोणच्याचा पत्र्याचा डबा असा ऐवज होता. त्यानें डबा उघडविला, मोसंबीं खालीं ओतविलीं, पिठाच्या पोत्यांत एक लोखंडी सळई आरपार घातली आणि ऐंशी वर्षें उलटलेल्या आमच्या मातोश्रींना गाडींतून उतरून उन्हांत उभें राहण्यास सांगितलें. याबद्दल आम्हांस राग आला नाहीं; काळ तसा आहे. पण तेवढ्यांत कपाळावर लाल पाटी मिरविणारी एक मोठी गाडी रांग सोडून पुढें आली, आणि त्याच पहारेकऱ्यानें आरसा काखेंत मारून तिला सलाम केला. ती गाडी न थांबतां बोटींत चढली. आम्ही कांहीं बोलणार तोंच मातोश्री सळईच्या टोंकाला लागलेल्या पिठाकडे पाहून म्हणाल्या, "ह्ये तं करोडगिरीवाल्यावानीच झालं की रे! आमच्या बाबाच्या गाडीला बी अशीच सळई खुपसायचे."

त्या एका वाक्यानें दोन प्रश्न आमच्यापुढें टाकले. उतारावर गाडीची झडती घेण्याची ही चाल या देशांत केव्हांपासूनची? आणि झडती घेणाऱ्याचा हात शोधतो तरी काय, राजाचा शत्रु, राजाचा कर, कीं उतारूचा जीव?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. म्हणजे काळानें फार लांब, पण ग्रंथ हाताशींच आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें हस्तलिखित मिळालें आणि १९०९ मध्यें त्यांनीं तें छापून काढलें. पुढें मुंबई विद्यापीठानें प्राध्यापक कंगले यांची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली. या ग्रंथाचा काळ मौर्यांचा मानावा कीं त्यानंतरच्या शतकांतला, यावर पंडितांचा वाद आहे व तो मिटण्याचीं चिन्हें नाहींत. काळ कोणताहि माना. दुसऱ्या अधिकरणांतला नावध्यक्षाचा अध्याय वाचतांना वाटतें कीं हा मनुष्य स्वतः एखाद्या गर्दीच्या घाटावर दिवसचे दिवस बसला असला पाहिजे.

कौटिल्य सांगतो कीं नावा ठरलेल्या तीर्थांवरूनच सुटल्या पाहिजेत, कारण राजाचें वाईट चिंतणारे कोठूनहि पलीकडे निसटतील ही भीति. अवेळीं वा भलत्या ठिकाणीं नदी उतरणाऱ्यास दंड. आणि वेळ व जागा योग्य असूनहि परवानगी नसेल तर निराळा दंड. मग तो घाटावर कोणास अडवावें याची यादी देतो. दुसऱ्याची बायको, मुलगी किंवा द्रव्य घेऊन पळणारा, घाबरलेला, डोक्यावरच्या मोठ्या ओझ्यानें तोंड झांकणारा, ज्याच्याजवळ प्रवासाचें सामानच नाहीं असा, नुकताच संन्यास घेतलेला, किंवा संन्याशाचें चिन्ह नसलेला संन्यासी, आजाराचें सोंग करणारा, मौल्यवान वस्तु, गुप्त पत्र, शस्त्र, आग लावण्याचीं साधनें किंवा विष लपवून नेणारा, आणि ज्याच्यापाशीं मुद्रा, म्हणजे परवाना नाहीं तो. आज विमानतळांवर व बंदरांवर पहारेकऱ्यांना माणसाच्या चर्येवरून संशयित ओळखण्याचें शिक्षण देतात. त्यांना द्यावयाच्या टिपणांत या यादींतली निम्मी कलमें जशींच्या तशीं घालतां येतील. 'सामान नसलेला प्रवासी' हें कलम तर आम्हांस विशेष मार्मिक वाटतें. सामान्य माणूस ओझें पाहून संशय घेतो. कौटिल्य ओझ्याचा अभाव पाहून घेतो.

वाहनांकडेहि त्याचें लक्ष आहे. लहान जनावर किंवा ओझें घेतलेला माणूस यांस एक माषक, बैल-घोड्यास दोन, उंट-म्हशीस चार, हलक्या वाहनास पांच, बैलगाडीस सहा व मोठ्या गाड्यास सात माषक अशी तरीच्या भाड्याची चढती भांजणी आहे, आणि मोठ्या नद्यांवर तीच दुप्पट. सीमेवरच्या घाटांवर भाड्याबरोबर जकात व रस्त्याचे करहि तेथेंच वसूल करावे, आणि मुद्रेवांचून बाहेर जाणाऱ्याचा माल जप्त करावा, असें तो सांगतो. म्हणजे शत्रूचा शोध आणि कराची वसुली हीं दोन कामें एकाच माणसाच्या गळ्यांत त्यानें प्रथमपासूनच बांधलीं. या जोडीनें पुढें दोन हजार वर्षें काय काय केलें तें पुढें येईलच.

परंतु न्यायानें बोलावयाचें तर कौटिल्याच्या अध्यायांत एक तिसरी गोष्टहि आहे, आणि ती बहुतेक वाचकांच्या नजरेंतून सुटते. नावेवर पुरेशीं माणसें व साधनें नसल्यामुळें किंवा तिची डागडुजी न झाल्यामुळें ती बुडाली, तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें! अतिभार लादून उतरणाऱ्याचा मालहि जप्त होई. मोठ्या नद्यांवर मोठ्या नावा ठेवाव्या आणि त्यांवर नायक, सुकाणूवाला, दोर व कापणी सांभाळणारा आणि पाणी उपसणारा इतके लोक असावेत असें त्यानें मोजून सांगितलें आहे. पाणी उपसणाऱ्याचा स्वतंत्र हुद्दा ठेवणारा हा लेखक केवळ हेरांचा शिरोमणि नव्हता. आणि ज्यांना फुकट उतरूं द्यावें त्यांच्या यादींत ब्राह्मण व राजाचा जासूद यांच्या पंक्तीला संन्यासी, मूल, म्हातारा, आजारी आणि गर्भवती स्त्री हीं बसलेलीं आहेत. मात्र त्यांनाहि नावध्यक्षाची मुद्रा लागे. सूट होती ती भाड्याची. मुद्रा कोणासच माफ नव्हती. खाडीवरच्या त्या लाल पाटीच्या गाडीची आठवण आम्हांस येथें झाली हें कबूल करणें प्राप्त आहे.

ग्रंथांतले नियम आणि घाटावरचा व्यवहार यांत अंतर असतें, म्हणून शिलालेखाची साक्ष अधिक मोलाची. ती आमच्या महाराष्ट्रांतच, नाशिकच्या लेण्यांत मिळते. दहाव्या लेण्यांतल्या लेखांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात आपल्या दानधर्माची यादी देतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दहाणुका या नद्यांवर त्यानें नावा ठेवून पुण्यतर, म्हणजे फुकट उतार, सुरू केले. आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर निवारे व पाणपोया बांधल्या. दमणगंगा, तापी व डहाणूची खाडी हीं नांवें आजहि ओळखूं येतात. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा तो शक सरदार गाई, गांवें आणि लेणीं यांच्या बरोबरीनें नदीच्या उताराचीं नांवें कोरून ठेवतो. कारण नदीकांठीं ताटकळणें ही त्या काळीं केवढी विपत्ति होती हें त्याला ठाऊक होतें. तरीच्या इतिहासांत कौटिल्याच्या दंडाइतकेंच उषवदाताच्या पाणपोईलाहि स्थान आहे, पण इतिहासकारांनीं दंडच अधिक मोजले.

मधल्या शतकांवरून आम्ही झपाट्यानें पुढें जातों. झडतीची गोष्ट मराठी माणसाच्या मनांत कायमची कोरली गेली ती १६६६ च्या ऑगस्टमध्यें, आग्र्यास. बखरी व इतर साधनें यांत तपशिलाचा पुष्कळ मतभेद आहे. तरीहि मिठाईचे पेटारे पहाऱ्यांतून बाहेर जात, पहारेकरी प्रथम ते कसून पाहत आणि दिवस लोटले तसे पाहिनासे झाले, हा कथेचा गाभा सर्वत्र एकच आहे. आपण ती गोष्ट शिवाजी महाराजांच्या चातुर्याची म्हणून सांगतों, आणि तें योग्यच आहे. पण तीच गोष्ट पहारेकऱ्याच्या बाजूनें सांगून पाहावी. शंभर पेटाऱ्यांत शंभर वेळां मिठाईच निघाली कीं एकशेंएकावा पेटारा उघडणारा हात आपोआप आळसावतो. हा दोष फुलादखानाच्या शिपायांचा नव्हे, झडती या धंद्याचाच आहे. ज्यांत वर्षानुवर्षें कांहींच सांपडत नाहीं असें काम मन लावून करणें मनुष्यस्वभावाला जड जातें. आणि आजच्या बंदरांवरहि यावर उपाय म्हणून कधीं सरसकट, कधीं अनपेक्षितपणें निवडलेल्या गाड्यांची तपासणी करण्याची रीत पडली आहे.

समुद्रावर हीच गोष्ट परवान्यांच्या रूपानें दिसते. पोर्तुगीजांनीं आपला 'कार्ताझ' घेतल्यावांचून जहाज हांकारूं नये असा दंडक घातला. पुढें कान्होजी आंग्र्यांनींहि आपलें दस्तक नसलेलीं गलबतें धरण्यास आरंभ केला, तेव्हां इंग्रज त्यांना चांचा म्हणूं लागले. एकाच कागदाला एकानें दिलें तर कायदा आणि दुसऱ्यानें दिलें तर दरोडा म्हणतात! पेशवाईंत घाटमाथ्यावरच्या चौक्या, जकाती, दस्तकें यांचें जाळें देशभर पसरलेलें होतें, आणि इंग्रजी अमलांत १८६८ च्या मुंबई कायद्यानें तरींचे मक्ते, दर व परवाने यांना छापील नियमांत बसविलें.

आतां आमच्या घराजवळ येतों. धावड्याहून भोकरदनच्या बाजूला गेलें कीं थोड्याच अंतरावर केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबांत असई हें खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या पलीकडे उभी होती आणि अलीकडे जनरल वेलस्ली थोड्या सैन्यानिशीं. वाटाड्यांनीं सांगितलें कीं पुढें उतार नाहीं. वेलस्लीनें पाहिलें कीं नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर पिंपळगांव आणि वरूड अशीं दोन खेडीं आहेत. आणि त्यानें अनुमान केलें कीं जेथें दोन गांवें अशीं एकमेकांस तोंड देऊन बसलीं आहेत तेथें येणेंजाणें असलेंच पाहिजे, म्हणजे उतारहि असला पाहिजे. उतार निघाला. तो राखलेला नव्हता. त्या दिवशीं वेलस्लीच्याहि दीड हजारांहून अधिक माणसांचा मृत्यु वा जखमांनीं बळी गेला, आणि म्हातारपणीं, वॉटर्लू जिंकल्यानंतरहि, तो असईची लढाई थोर मानीत असे. परंतु मराठ्यांचें राज्य ज्या दारांतून गेलें त्या दारांपैकीं एक दार म्हणजे गाडीबैल रोज ओलांडीत असलेला हा बिनपहाऱ्याचा उतार होय. ठरलेल्या तीर्थावांचून कोणी उतरूं नये, या कौटिल्याच्या नियमाचा अर्थ आम्ही वर्गांत शिकवितांना असईचें उदाहरण देतों. आणि विद्यार्थी तें कधीं विसरत नाहींत, कारण त्यांच्यांतले कित्येक त्याच नदींत पोहायला शिकलेले असतात.

असईनंतर पन्नास वर्षांनीं, १८५३ मध्यें, निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला आणि धावड्याच्या पूर्वेला एक नवी सीमा उभी राहिली. अलीकडे मोगलाई, पलीकडे बुलढाण्याचा इंग्रजी मुलूख. दोन्हीकडे तीच ज्वारी, तीच बोली, तेच सोयरे; मध्यें मात्र करोडगिरीचा नाका. अकबराच्या 'करोडी' या अंमलदाराची आठवण देणारा हा शब्द निजामाच्या राज्यांत सीमाशुल्काच्या खात्याला लागला होता. दक्षिणेकडे हीच सीमा कित्येक मैल गोदावरीच्या पात्रांतून जाई. एका तीरावर नगर जिल्हा, दुसऱ्या तीरावर मोगलाई, आणि नदी उतरणें म्हणजेच राज्य ओलांडणें. तेथें तरीची वाट आणि जकातीची वाट एकच झाली होती.

मातोश्रींच्या आठवणींतला नाका असा आहे: रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला एक छपरी, तींत उर्दू लिहिणारा कारकून आणि हातांत सळई घेतलेला शिपाई. त्यांचे वडील बाजाराला गाडी घेऊन जात. गाडींत कापसाचें वा धान्याचें पोतें असलें कीं सळई आरपार जाई; आंत कापडाचे ठाण किंवा भांडीं दडविलीं आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं. वडील त्या नाक्यावर पोंचण्याआधीं गाडींत पुढें भाकरीची एक चवड आणि मिरच्यांचा ठेचा बांधून ठेवीत. तो शिपायासाठीं. ठेचा चांगला झाला असेल त्या दिवशीं सळई पोत्याच्या कडेनें जाई. मातोश्री ही हकीकत हंसत हंसत सांगतात, आणि तें ऐकतांना आम्हीहि हंसत आलों आहों. पण १९४७-४८ सालचें त्यांचें बोलणें निराळ्या सुराचें असतें. संस्थान भारतांत सामील झालेलें नव्हतें, सीमेवर दोन्ही बाजूंनीं माल अडविला जात होता, आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सीमेपलीकडच्या छावण्यांतून येऊन करोडगिरीचे नाके जाळीत होते. त्या दिवसांत झडती करासाठीं उरली नव्हती, बंदुकीसाठीं होती. सात-आठ वर्षांच्या मुलीला त्यांतलें इतकेंच कळलें कीं शिपाई आतां ठेचा घेत नाहीं आणि बाबा नाक्यावर बोलत नाहींत. १९४८ च्या सप्टेंबरांत, १३ तारखेपासून पांच दिवसांत, तो कारभार संपला.

झडतीचा हात कर शोधतो कीं शत्रु, याचें उत्तर त्या नाक्यावर असें एका वर्षांत पालटलें. उतारूचा जीव मात्र अद्याप कोणीच शोधलेला नव्हता. त्याची आठवण त्याच सुमारास समुद्रानें करून दिली. १७ जुलै १९४७ रोजीं, दीप अमावास्येच्या दिवशीं, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी वादळांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तींत कोणी शत्रु नव्हता, कोणी स्फोटक ठेवलें नव्हतें. सणाला घरीं निघालेले कोंकणी लोक होते. स्वातंत्र्याला अवघे एकोणतीस दिवस उरले होते; त्यामुळें या दुर्घटनेच्या बातम्या दुसऱ्या बातम्यांखालीं लवकर दडपल्या गेल्या.

मोटारी वाहणाऱ्या बोटीचा धोका आणखी वेगळा आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज झडतीचा विचार अपुरा राहील. सामान्य जहाजाच्या पोटांत आडव्या भिंती असतात. एका कप्प्यांत पाणी शिरलें तरी दुसरा कोरडा राहतो. गाड्या एका टोंकानें चढून दुसऱ्या टोंकानें उतराव्या म्हणून फेरीबोटीचा गाड्यांचा मजला मात्र मोकळा, सपाट पटांगणासारखा ठेवावा लागतो. या मजल्यावर थोडें जरी पाणी आलें तरी तें एका बाजूस धांवतें आणि बोट कलंडते. ६ मार्च १९८७ रोजीं बेल्जममधील झीब्रुग बंदरांतून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही बोट पुढचा दरवाजा उघडा राहिल्यामुळें अशीच कांहीं मिनिटांत आडवी झाली व १९३ माणसें मेलीं. दरवाजा लावण्याचें काम ज्याचें तो झोंपला होता, आणि तो लागला कीं नाहीं याची खात्री कोणींच करून घेतली नव्हती. शिवाय प्रत्येक गाडीच्या टांकींत पेट्रोल असतें, कित्येकींत स्वयंपाकाचा सिलिंडरहि असतो. म्हणून तरीवर चढणारी गाडी ही पायीं चढणाऱ्या माणसाहून कितीतरी अधिक वजनाचा संशय आपल्याबरोबर आणते.

घातपाताचें उदाहरण फिलिपाइन्सचें. २७ फेब्रुवारी २००४ रोजीं मनिलाहून निघालेल्या 'सुपरफेरी १४' या बोटीवर एका प्रवाशानें दूरदर्शन संचांत लपवून स्फोटक नेलें. स्फोट व आग यांत ११६ माणसें गेलीं. प्रथम तो अपघातच समजला गेला. त्याच वर्षीं १ जुलैपासून जहाजें व बंदरें यांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह अमलांत आला. त्यांत धोक्याचे तीन स्तर आहेत, आणि स्तर चढतो तशी माणसांची व वाहनांची झडती वाढते. परंतु हा संग्रह देशोदेशीं जाणाऱ्या जहाजांसाठीं. खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर दहा मिनिटांत जाणारी बोट त्याच्या कक्षेबाहेर राहते. तेथें काय करावें हें त्या त्या राज्याच्या सागरी मंडळानें, पोलिसांनीं आणि बोट चालविणाऱ्यानें ठरवावयाचें. आरशाची काठी व पोत्यांतली सळई यांचें एवढें वैचित्र्य दिसतें तें यामुळेंच.

आणि कोंकण किनाऱ्याला भिण्याचें कारण नाहीं असें कोण म्हणेल? १९९३ च्या जानेवारींत दिघीस व फेब्रुवारींत शेखाडीस शस्त्रें आणि आर्. डी. एक्स्. उतरविलें गेलें, गाड्यांत भरून मुंबईस नेलें गेलें आणि १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसें मेलीं. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. दिघीहून निघालेला माल वाटेंत पोलिसांनीं अडविला होता. नाका होता, पहारेकरी होते, गाडी थांबलीहि होती. लांच घेऊन ती सोडण्यांत आली. सीमाशुल्क खात्याचे अधिकारीहि या कटांत दोषी ठरले. चांदी चोरून आणणाऱ्यांकडून वर्षानुवर्षें हप्ते घेणाऱ्या हातानें एके दिवशीं चांदी समजून मृत्यूला वाट करून दिली! कर शोधणारा आणि शत्रु शोधणारा एकच ठेवण्याची कौटिल्याची सोय कोठें जाऊन पोंचते याचा याहून कठोर दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं. कौटिल्याला हें अगदीं कळत नव्हतें असेंहि नाहीं. पाण्यांतला मासा पाणी केव्हां पितो तें कळत नाहीं, तसा अधिकारी पैसा केव्हां खातो तें कळत नाहीं, अशा अर्थाचा त्याचा दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. पण तरीच्या अध्यायांत त्याला तो मासा आठवला नाहीं.

२००८ च्या नोव्हेंबरांत कुलाब्याच्या कोळीवाड्याशेजारीं दहा माणसें रबरी होडींतून उतरलीं, तेव्हां तर तीर्थच ठरलेलें नव्हतें. असईप्रमाणेंच बिनपहाऱ्याचा उतार. त्यानंतर सागरी पोलीस ठाणीं वाढलीं, कोळ्यांना ओळखपत्रें मिळालीं, किनाऱ्यावरची गस्त वाढली. इकडे मोटारींच्या तरीहि वाढत गेल्या. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ मध्यें सुरू झाली. पुढें इतर खाड्यांवर तशाच आल्या. मार्च २०२० मध्यें मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी नेणारी मोठी बोट निघाली. एकेकाळीं ज्या दिघीस तो माल उतरला तेथूनच आतां आगरदांड्यास मोटारी घेऊन फेरीबोट जाते. शेंकडों कुटुंबांचा दोन-तीन तासांचा वळसा वांचतो. उषवदाताला हें पाहून आनंद वाटला असता, भाडें मात्र त्यानें विचारलें असतें.

झडती नको असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पोत्यांत सळई जावी. पण ती सर्वांच्या पोत्यांत जावी, आणि ती धरणारा हात मिरच्यांच्या ठेच्यानें वा चांदीच्या विटेनें वळू नये, इतका त्याला पगार व इतकी त्याच्यावर देखरेख असावी. शिवाय गाडीच्या पोटाखालीं आरसा सरकविणाऱ्यानें एकदां बोटीच्या पोटाकडेहि पाहावें. त्या दिवशीं खाडी उतरतांना आम्हीं केशरी रंगाचीं लाइफ जॅकेटें कोठें आहेत तें पाहिलें. तीं छताशीं एका जाळींत होतीं आणि जाळीला नायलॉनच्या दोरीच्या गांठीवर गांठी मारलेल्या होत्या. खलाशास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "वाऱ्यानं उडतात म्हणून बांधलीत." कोणत्याहि पहाऱ्यानें ती गांठ सोडून पाहिली नव्हती, कारण तींत कर नव्हता आणि शत्रुहि नव्हता.

आठ दिवसांनीं त्याच तरीनें परत आलों. पहारेकरी दुसरा होता, वयानें पोरसवदा. पिठाचें पोतें संपलेलें होतें. त्यानें तरीहि तें रिकामें पोतें उलटें करून झाडलें, आरसा चारी बाजूंनीं फिरविला, आणि मातोश्रींना गाडींतच बसूं दिलें. मातोश्रींनीं खिडकीची कांच खालीं केली आणि उरलेल्यांतलें एक मोसंबें त्याच्यापुढें धरलें. त्यानें तें हातांत घेतलें, नाकाशीं नेऊन वास घेतला आणि पुन्हां त्यांच्या ओंजळींत ठेवलें. "घेतां येत नाहीं, आजी," तो म्हणाला, आणि मागच्या गाडीकडे वळला.